गोळीच्या माथी खापर

“गोळ्या खाल्ल्या होत्यास ना? मग आता भोग!”

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत फिरताना हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं त्याची गणती नाही. सासू म्हणते, जाऊ म्हणते, शेजारीण म्हणते. खोपोली लोकलच्या बायकांच्या डब्यात पळसदरी ते लौजी एवढ्याशा प्रवासात ओळखदेख नसलेली बाईसुद्धा म्हणते. आणि पांढरा कोट घालून खुर्चीत बसलेली शिकलेली माणसंही म्हणतात. लग्नानंतर दोन वर्षं मूल नको म्हणून जिनं गोळ्या घेतल्या, मग मूल हवं म्हणून थांबवल्या आणि आठ-दहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तिच्यावर खटला चालवायला एवढा पुरावा पुरतो. आरोपी ती, पुरावा म्हणजे गोळ्यांचं रिकामं पाकीट, निकाल आधीच ठरलेला. नवऱ्याला मात्र कुणी साक्षीलाही बोलावत नाही.

गोळीनं बाई वांझ होते हे खोटं आहे. आधी ते खोटं का ते सांगते, मग ते कुणाच्या सोयीचं आहे तिकडे वळते.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन घ्या, नाहीतर माला-डी. पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांत दोन संप्रेरकं आहेत, लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या. ही संप्रेरकं मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप अडवतात, म्हणून त्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही. गोळी रोज घ्यावी लागते ती याचसाठी, की शरीर तिचा साठा करून ठेवत नाही. दोन-चार दिवस विसरलं तर दिवस जाऊ शकतात, हे वाडीवरच्या म्हातारीलाही ठाऊक असतं. मग बायांनो, जरा विचार करा. दोन-चार दिवसांच्या विसरण्यानं जिचा असर जातो, तीच गोळी बंद केल्यावर वर्षानुवर्षं पिशवी सुकवून ठेवते, ही दोन वाक्यं एकाच तोंडातून निघतात कशी?

गोळी थांबवल्यावर काय होतं? दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो. ती खरी पाळी नसते, औषध थांबल्याचा तो परिणाम असतो. त्यानंतर बहुतेक बायकांना चार ते सहा आठवड्यांत स्वतःची पाळी येते. काहींना मात्र पहिली पाळी यायच्या आतच दिवस जातात, कारण बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं. काहींची पाळी दोन-तीन महिने मागेपुढे होते. तीन महिने उलटूनही आलीच नाही, तर आधी दिवस गेलेत का ते तपासायचं आणि मग डॉक्टरला दाखवायचं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या देशांतल्या २२ अभ्यासांतल्या सुमारे १५ हजार स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. गर्भनिरोधक साधनं थांबवल्यानंतर वर्षभरात त्यांतल्या शंभरातल्या ८३ जणींना दिवस राहिले होते. साधन किती वर्षं वापरलं यानं त्यात फरक पडलेला दिसला नाही. कधीच काही न वापरलेल्या जोडप्यांचा हिशोबही जवळपास एवढाच असतो.

गंमत म्हणजे या गोळीच्या जन्मकथेतच याचं उत्तर आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बॉस्टनचे डॉक्टर जॉन रॉक यांनी ही संप्रेरकं पहिल्यांदा दिली ती मूल नको असलेल्या बायकांना नव्हे, मूल होत नसलेल्या बायकांना! बीजकोशाला काही महिने विसावा दिला तर नंतर दिवस राहतील, असा त्यांचा कयास होता. ८० जणींना त्यांनी औषध दिलं, आणि ते थांबवल्यावर थोड्याच महिन्यांत १३ जणींना दिवस गेले. एवढ्यावरून ते औषधाचंच फळ होतं असं सिद्ध होत नाही. पण ज्या औषधाचा पहिला प्रयोग गर्भ राहावा म्हणून झाला, त्याला आपल्याकडे ‘वांझ करणारं’ ठरवलं गेलं. पुढे १९५६ पासून याच गोळीची चाचणी प्वेर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर झाली, त्यांना पुरतं न सांगता, आणि आजच्या मानानं कितीतरी जास्त मात्रेनं. तो अन्याय विसरायचा नाही. पण तो अन्याय वेगळा आणि ही अफवा वेगळी.

मग अफवा खरी का वाटते? कारण अगदी साधं आहे. कुठल्याही शंभर जोडप्यांत दहा-पंधरा जोडपी अशी असतातच की ज्यांना वर्षभरात दिवस राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा प्रश्न भेटतो. जिनं गोळी घेतली नाही तिला ही अडचण लग्नानंतर पहिल्या वर्षी कळते. जिनं दोन-तीन वर्षं गोळी घेतली तिला ती गोळी थांबवल्यावर कळते. अडचण तीच, फक्त कळली उशिरा. शिवाय गोळीवर असताना पाळी घड्याळासारखी येते. एखादीची मुळातली पाळी दोन-दोन महिन्यांनी येणारी असली तरी गोळीच्या काळात ते झाकलं जातं. थांबवल्यावर जुनी अनियमित पाळी परत येते आणि लोक म्हणतात, बघा, गोळीनं बिघाड केला. गोळीनं केला नाही, इतके दिवस झाकून ठेवला होता. आणखी एक गोष्ट बेरजेत धरायला हवी, वयाची. तेविसाव्या वर्षी थांबवणं आणि छत्तिसाव्या वर्षी थांबवणं यांत फरक आहे. तो मधल्या तेरा वर्षांचा आहे, गोळीचा नाही.

आता सोयीचं बोलू.

गोळीवर खापर फोडलं की पहिली सोय होते ती नवऱ्याची. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्वस्त आणि काहीच न दुखणारी तपासणी. काही शे रुपयांत होते. तरी या भागात मी काय पाहते? बाईची सोनोग्राफी दोनदा, रक्त तीनदा, नळ्यांची तपासणी, पिशवी ‘साफ’ करणं, पनवेल आणि कल्याणच्या खेपा, हे सगळं होऊन जातं, आणि नवऱ्याचा कागद मात्र फायलीत नसतो. विचारलं तर सासूबाई म्हणतात, “त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे की!” धडधाकटपणाचा आणि शुक्रजंतूंचा संबंध नाही हे कुणी सांगायचं? खोपोलीच्या कारखान्यात भट्टीसमोर पाळ्या करणारे पुरुष आहेत, वीटभट्टीवर राबणारे आहेत. सततच्या उष्णतेनं शुक्रजंतू कमी होतात हे वैद्यकात नवं नाही. तंबाखू आणि दारू यांचंही तसंच. कामगाराच्या शरीराला कारखाना काय करतो हा प्रश्न युनियननं विचारायचा असतो, पण तो विचारण्याआधी नवऱ्यानं ‘आपल्याकडेही काही असू शकतं’ हे मान्य करायला हवं. तिथंच गाडी अडते. त्यापेक्षा बायकोच्या उशाखालचं पाकीट शोधून काढणं सोपं.

खालापूर तालुक्यात महड आहे, अष्टविनायकांतल्या वरदविनायकाचं. (चवदार तळ्याचं महाड ते वेगळं.) माघी चतुर्थीच्या उत्सवात तिथला प्रसादाचा नारळ खाल्ला की मुलगा होतो अशी श्रद्धा आहे. कुणाच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. मला एवढंच विचारायचंय की तिथंही मागणं मुलाचंच का? मुलगी झाली तर नवस फळला नाही असं समजायचं का? आणि नारळ, भगताचा अंगारा, मुळीचा काढा, उपास, सगळे उपाय नेमके बाईच्याच पोटात का जातात?

दुसरी सोय घराची. गोळी घेणं हा या भागातल्या पुष्कळ मुलींच्या आयुष्यातला पहिला असा निर्णय असतो, जो तिनं स्वतः घेतलेला असतो. नोकरी टिकवायची म्हणून, डी.एड. पुरं करायचं म्हणून, किंवा सतराव्या वर्षी लग्न लावून दिलं (कायदा काहीही म्हणो) आणि एवढ्यात बाळंतपण नको म्हणून. पुष्कळदा लपून. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ‘गोड बातमी’ची चौकशी सुरू होते, त्या चौकशीला तिनं दोन वर्षं थोपवून धरलेलं असतं. घराला राग येतो तो त्याचा. मग पुढे दिवस राहायला उशीर झाला की हिशोब चुकता होतो: तू ठरवलंस ना, आता बघ. हळदीकुंकवाच्या बोलावण्यातून नाव गळतं, जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला तिला पुढे करत नाहीत. ही गोळीवरची टीका नव्हे, बाईनं ठरवण्याची शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सांगितलं की मूल व्हावं की होऊ नये हे ठरवणं हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटली. मुंबईहून कर्जतला लोकलनं दोन-सव्वादोन तास लागतात, हा विचार मात्र अजून वाटेतच आहे.

तिसरी सोय सरकारी यंत्रणेची, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय.

लोकसंख्या कमी करायची या एकाच ध्यासानं उभारलेल्या कार्यक्रमात ‘गोळी घेणारी बाई’ हा एक आकडा असतो. आशाताई पाकीट देते, वहीत नोंद होते. घ्यायची कशी ते सांगतात, पण थांबवायची कशी ते कुणी सांगत नाही. थांबवणारी बाई त्या वहीत गळालेली, सुटलेली ठरते. मूल हवं असलेली बाई कुटुंब नियोजनाच्या रकान्यात बसत नाही आणि गरोदर राहीपर्यंत माताआरोग्याच्या रकान्यातही बसत नाही. नियोजन या शब्दात मूल होऊ देण्याचंही नियोजन येतं, हे या यंत्रणेला कधी पटलंच नाही. म्हणून तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी ४९ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं दिसतं आणि पुरुष नसबंदी अर्धा टक्कासुद्धा नाही. एकदाचं टाके घालून मोकळं व्हायचं. पुन्हा विचार बदलू शकणारी बाई यंत्रणेला नकोच असते.

त्यातून घोटाळा वाढला तो नव्या साधनांमुळे. २०१६-१७ नंतर सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी आली. छाया म्हणजे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, पूर्वी ‘सहेली’ नावानं मिळणारी गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. तीत माला-एनमधली संप्रेरकं नाहीत. अंतराचं मात्र तसं नाही. ते तीन महिन्यांनी घ्यायचं डेपो-प्रोव्हेरा आहे, आणि शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. एकदा टोचलेलं काढता येत नाही. म्हणून तर आपल्या संघटनांनी १९८६ साली नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती, आणि १९९३ साली डेपोला परवाना मिळाला तेव्हाही विरोध केला. परिणाम न सांगता, तपासण्या न करता, नीट पाठपुरावा नसलेल्या दवाखान्यांतून हे टोचू नका, हा तो मुद्दा होता आणि तो आजही खरा आहे. ज्या बाईला वर्षभरात मूल हवंय तिला अंतरा देताना ‘उशीर लागेल’ हे सांगितलं नाही, तर ती फसवणूक आहे. पण इंजेक्शनाबद्दलची ही गोष्ट गोळीला चिकटवली गेली, तांबीला चिकटवली गेली. तांबी काढली की पुढच्याच पाळीला दिवस राहू शकतात. तरी ‘सगळी साधनं सारखीच, सगळी पिशवी खराब करतात’ असं एक गाठोडं झालंय. हे गाठोडं सोडवून दाखवणं हे आरोग्य खात्याचं काम. ते करत नाहीत, म्हणून आपल्याला करावं लागतंय.

चौथ्या सोयीचं फार बोलत नाही. रस्त्यानं जाताना बाळाचा फोटो लावलेले वंध्यत्व केंद्रांचे फलक तुम्हीही पाहता. गोळी थांबवून चार महिने झालेल्या बाविशीतल्या मुलीला ‘वेळ घालवू नका’ सांगून हजारोंच्या तपासण्या लिहून देणारे आहेत. निरोगी तरुण जोडप्यातही कुठल्याही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात वीस-पंचवीसच असते. म्हणून वर्षभर वाट पाहायची, बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने. २०२१ पासून अशा केंद्रांसाठी कायदा आहे, नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी पत्र मागा.

आणि हे सगळं ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही त्या कातकरी बायांचं काय? ‘गोळी थांबवली’ या वाक्यात कुणीतरी ठरवून थांबवली असं धरलेलं असतं. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. जाताना एखाददुसरं पाकीट मिळालं तर मिळालं. ते संपलं की संपलं. भट्टीवर कुठल्या उपकेंद्राची नर्सबाई यायची, गावच्या की भट्टीच्या, हे ठरलेलं नसतं. मग माघ-फाल्गुनात दिवस राहतात आणि उन्हाळा उलट्या करत, अंगात रक्त नसताना विटा वाहण्यात जातो. तिनं गोळी थांबवली नाही, पुरवठा थांबला. शहरातल्या बाईला मूल हवं असताना होत नाही म्हणून बोल लावायचा आणि भट्टीवरच्या बाईला नको असताना झालं म्हणून ‘यांना कळतच नाही’ म्हणायचं. दोघींना विचारलं कुणी?

थांबवायची ठरलीच तर काही गोष्टी माहीत हव्यात. पाकीट अर्ध्यात टाकलं तरी धोका नाही, पुरं केलं तर रक्तस्राव कधी येणार ते कळतं, एवढंच. ‘शरीरातली गोळी धुऊन निघायला’ तीन महिने थांबा, हा जुना सल्ला आता धरायचं कारण नाही. लगेच दिवस राहिले तर गोळीमुळे बाळाला व्यंग येत नाही. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र किमान महिनाभर आधीपासून रोज सुरू करायची. बाळाचा मणका पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो आणि तोवर पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. आपल्याकडे ही गोळी हातात पडते ती गरोदरपणाची नोंद झाल्यावर, म्हणजे उशिरा. हिमोग्लोबिन आधी तपासा. फिटची, रक्तदाबाची किंवा साखरेची औषधं चालू असतील तर गर्भनिरोधक गोळी थांबवायच्या आधी डॉक्टरला दाखवा, कारण त्यांतली काही औषधं गर्भाला बाधतात. ती मनानं बंद मात्र करू नका. घरात कुणाला टी.बी. झाला असेल तर तेही सांगा. पिशवी आणि नळ्यांचा टी.बी. हे आपल्या देशात मूल न होण्याचं मोठं कारण आहे, आणि पुष्कळदा त्यात खोकला नसतो, ताप नसतो.

कर्जत आणि खालापूरच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आपण जाऊ तेव्हा मागणी अशी असावी: गोळी, तांबी किंवा अंतरा देतानाच ते कसं थांबवायचं आणि नंतर दिवस राहायला किती काळ लागतो, हे मराठीत लिहून द्यावं आणि वाचता न येणाऱ्या बाईला तोंडी सांगावं. मूल हवं म्हणून साधन थांबवणाऱ्या बाईला त्याच दिवशी उपकेंद्रातून फॉलिक ॲसिड मिळावं. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला परत येईपर्यंत पुरतील एवढी पाकिटं द्यावीत. कशेळे आणि चौकच्या ग्रामीण रुग्णालयांत मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याचा केसपेपर दोघांच्या नावानं निघावा, आणि पुरुषाची तपासणी झाल्याशिवाय बाईच्या नळ्यांना हात लावू नये.

ती तपासणी कशी असते, असं पुरुष विचारतात तेव्हा लाजू नका, सांगा. आधीचे दोन ते सात दिवस संबंध नकोत. नमुना घरून नेला तर तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा, खिशात अंगालगत धरून, उन्हात नाही. आणि पहिला अहवाल कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करायची.